पकड

सर्किट हाऊसच्या वरच्या मजल्यावर
रात्री अडीचला बेल वाजली.
मी चहा घेऊन गेलो. चहा नकोच होता.

बाईसाहेब खुर्चीत. गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी,
पुढ्यात भाषणाचे कागद, त्यांवर चष्मा उपडा.
खाली चौदा गाड्या. ताराबाई पार्कातली कुत्रीसुद्धा
पोलिसांना विचारून भुंकत होती.
सकाळी उजळाईवाडीहून विमान,
दिल्लीत साडी बदलायची आणि मग पलीकडे,
जिथं अकरा वर्षांत आपला झेंडा
कुणी टेबलावर ठेवलेला नाही.

"नाव काय?"
"बाळगोंडा."
"गाव?"
"सैनिक टाकळी."
त्या गप्प झाल्या. हे नाव ऐकलं की
दिल्लीची माणसं गप्प होतात.
मी म्हटलं, थोरला गेला, पण लढाईत न्हवं,
रजेवर आलता, मोटरसायकलवरनं पडला.
त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

मग त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.
"एका पानात सात वेळा 'ठाम' आहे.
कुणीतरी मोजून घातलाय.
मला काय हवंय, ते यात कुठंच नाही."
काय हवंय, असं विचारायची माझी पायरी नाही.
पण त्याच सांगू लागल्या, खिडकीला सांगितल्यागत :
धरून ठेवलेल्या होड्या परत मिळाव्यात,
आतल्या माणसांसकट.
दोन्हीकडच्या मोठ्या दवाखान्यांकडं
एकमेकांचा फोन नंबर असावा.
आणि बर्फात उभी केलेली पोरं
एक हिवाळा,
एकच,
खाली उतरावीत.
"बाकी इतिहासाचं इतिहास बघेल."

पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर गेली.
"उद्या दारातच कॅमेरे. हात मिळवायचा.
एक सल्लागार म्हणतो घट्ट धरा, दुसरा म्हणतो सैल,
तिसरा म्हणतो आधी त्यांना पुढं करू दे.
तुम्ही सांगा. तुमचे कान मोडलेत."

तालमीत मोडलेले कान झाकता येत न्हाईत.
मी ट्रे खाली ठेवला.
बाईसाहेब, घाम सुटला की पैलवान मासळीगत निसटतो.
म्हणून हौद्यातली माती,
ताक घालून, हळद घालून, लिंबू पिळून मळलेली,
मूठभर उचलायची, त्याच्या पाठीवर टाकायची,
आणि मग वळून
आपली पाठ त्याच्यापुढं करायची.
"कशाला?"
त्याला आपल्याला धरता यावं म्हणून.
ज्याला धरताच येत न्हाई
त्याच्याशी कुस्ती होत न्हाई, झटापट होती.

"आणि निकाल?"
एकदा जत्रंत पाऊण तास झाला, दिवस बुडाला,
पंचांनी दोघांचे हात वर केले. बरोबरी.
"लोकांनी शिव्या दिल्या असतील."
दिल्या की. लांबनं आलेले, इरेला पेटलेले.
पण घरी जाताना दोघंबी पायानं चालत गेलो.

त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं.
मी वाचलं नाही. खोटं कशाला बोलू,
वाचायचा प्रयत्न केला, अक्षर लागलं नाही.
मग साय धरलेला गार चहा त्या उभ्यानंच प्यायल्या.

पहाटे सायरन न वाजवता गाड्या गेल्या.

मंगळवारी भटारखान्यातल्या टीव्हीवर
परक्या देशातलं उंच दार, पायऱ्या, फ्लॅश.
बाईसाहेब एक क्षण थांबल्या,
दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले
आणि हात पुढं करण्याआधी
किंचित वळल्या, पाठ दिसेल इतपत.
बातम्यांतला पोरगा म्हणाला, तणाव स्पष्ट जाणवतोय.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरलो.
त्या दिवशीचा भात गिच्च झाला.

होड्यांचं अजून काही आलेलं नाही.
बर्फाचंही नाही.
पिशवी तेवढी खोलीत राहिली होती,
मी पाणी ओतून, पुसून, खुंटीला लावलीय.
हरवल्या-सापडल्याच्या वहीत नोंद केलीय :
रबरी पिशवी, नग एक.
मालक प्रवासात.