जास्तीचा बोल्ट

पावणेसातला, पाच रस्त्याच्या थोडं अलीकडे,
पाठीत कुणी धपाटा घालावा तसा आवाज झाला
आणि इंजिन चालूच राहिलं.
मूठ पिळली की ओरडायचं नुसतं,
चाक ढिम्म.
डिकीत सात नळ्या, बर्फाची पिशवी.
पुढच्या गल्लीत केळुसकर काका, वय एक्याऐंशी,
रात्री आठपासून उपाशी.

नळ्या एका रिक्षात बसवून लॅबला धाडल्या.
गाडी भांडुपपर्यंत ढकलत आणली.
सलीम म्हणाला, गुरुवारी बघू, दोन हजार धरून चाला.
आज सोमवार. मधे तीन सकाळी,
एकेक सकाळ बारा-चौदा दंडांची.
संध्याकाळी कुर्ल्याला जाऊन बेल्टच घेतला. सहाशे चाळीस.

रात्री दहा, बिल्डिंगचं पार्किंग.
जगेसर वॉचमनने खुर्ची सोडून टॉर्च धरला.
कव्हरचे बोल्ट सगळे आठ नंबरचे,
पण काही आखूड, काही लांब,
म्हणून प्रत्येकाला, नळ्यांना लावते तशी, चिठ्ठी चिकटवली:
वरचा डावा.
किकजवळचा.
खालचा, गंजलेला.

कव्हर निघालं, काळी भुकटी मांडीवर सांडली.
आत बेल्ट असा नव्हताच.
पुलीला गुंडाळलेले धागे होते,
फणीत अडकलेल्या केसांसारखे.
चिमट्याने ओढत बसले. बावीस हजार किलोमीटर
मी फक्त पेट्रोल मोजत होते.

मधला नट फिरवायला जावं तर पुलीच फिरते.
तिसऱ्या मजल्यावरून तामाणे म्हणाले,
"अहो, हे काही बायकांचं..."
आणि मधेच गप्प झाले.
थोड्या वेळाने लेंग्यावरच खाली आले,
वडिलांच्या वेळचा पान्हा ठेवून गेले. परत द्या हां.
पान्ह्यावर पाय दिला आणि सवयीने बोलून गेले,
"हलकं टोचेल."
जगेसर हसला. नट सुटला.

नवा बेल्ट. त्यावरचा बाण पुढे.
मागची पुली दोन्ही हातांनी फाकवायची,
बेल्ट तिच्या पोटात खोल जाऊ द्यायचा,
मग कुठे पुढे ढील मिळते.
घाई केली तर नट बेल्टावरच आवळतो
आणि आपल्याला वाटतं, झालं घट्ट.
शीर सापडत नाही तेव्हाही हेच.
जितकं चाचपावं तितकी ती आत जाते.
हात सैल सोडा म्हणायचं, आणि थांबायचं.
मी थांबले. बोटं चिमटली, तरी थांबले.

चिठ्ठ्या सोलत बोल्ट परत लावले.
एक उरला.
त्याच्या चिठ्ठीवरचं अक्षर ग्रीसने खाल्लेलं.
भोकं तीनदा मोजली, सगळी भरलेली.
जगेसरचं म्हणणं, कमी पडला असता तर काळजी.
साडेबाराला बटण दाबलं.
चाक फिरलं, स्टँडवर, हवेत,
आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो
जरा जास्तच वेळ.

सकाळी सहाला काका बाही वर सारूनच बसलेले.
"काल नऊपर्यंत चहासुद्धा घेतला नाही मी."
मी हातमोजे चढवले.
नखांतलं काळं आत राहिलं.
"गाडी झाली का?"
झाली.
"कुणी केली?"
कापूस काढताना खिशातला बोल्ट वाजला.
मी म्हटलं, मूठ आवळा.