ठेव

रात्री अकरानंतर फोनची लाईन जरा शुद्धीवर येते.
दाभोळची शेवटची फेरी गेलेली असते,
तिचा दिवा पलीकडे, धोपाव्याच्या अंगाला.
मग मी शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर सुरू करते.
पंखा आधी खोकतो. मग फिरतो.

मोहल्ल्यातल्या सात घरांची खाती,
आठवं खालच्या वाडीतल्या शेवंती पालशेतकरचं.
पुरुष जहाजांवर, कुणी तेलाच्या, कुणी कोळशाच्या,
शेवंतीचा मुलगा टगवर, पण पत्राखाली सही कॅप्टन.
पत्रं कुठल्याशा थंड देशातल्या सर्व्हरवर पडून असतात
आणि एवढासा प्रोग्रॅम एकेका दारात जाऊन
नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, विचारतो,
काही आलंय?

फुकट मिळाला तो. फुकटाचं सोडा, उघडा मिळाला,
आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं असा.
मी वाचलं, कळलं तेवढं.
एका ओळीशेजारी कुणीतरी टिपून ठेवलंय:
सर्व्हर सांगेल त्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः मोजा.
कोण असेल?
मासळीबाजारात वाढलेला वाटतो.

त्याची एक अट मला फार आवडते.
पासवर्डांची फाईल माझ्याखेरीज कुणाला उघडता येत असेल
तर तो चालतच नाही.
एक ओळ लिहितो आणि हट्टानं बसून राहतो.
माझ्या नणंदेला दाखवायला हवा.

मी पत्रं वाचत नाही.
फक्त खैरूनचाचीचं, तेही तिच्यासमोर,
कारण मोतीबिंदू, आणि ती म्हणते, वाच गो, मोठ्यान.
पण वजन दिसतंच.
पडद्यावर ओळ उमटते, अमुक इतके बाइट,
आणि आता हाताला सवय झालीय, तराजू नसला तरी.
दोन हजार म्हणजे मी बरा आहे, पैसे धाडलेत.
नऊ हजार म्हणजे भांडण.
बिल्किसला एकदा चाळीस हजारांचं आलं;
दुसऱ्या दिवशी ती काजळ घालून विहिरीवर.

उरुसाच्या आदल्या रात्री
शमशादच्या खात्यात एकच होतं.
सहाशे अकरा बाइट.
पाठवणारा तो नव्हे. कंपनी.
एवढ्या थोडक्यात कंपनी काय सांगते?
बोट कळीवर होतं. ठेवलं तसंच.
भरती चढली, जेटीशी होड्या एकमेकींना धडकत राहिल्या.
फजरच्या अजाननंतर कागद छापायला लावला,
प्रिंटरवर ओढणी टाकली,
आणि चाचपून घडी घालून तिच्या दारात उभी राहिले.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या हातात दिलं.
सुट्टी चाळीस दिवस पुढे ढकलली आहे. कळावे.
शमशादनं कंपनीला अशी शिवी हासडली
की कोंबड्या कौलांवर गेल्या,
आणि आम्ही दोघी पायरीवर बसून
रडलो की हसलो, मला सांगता येणार नाही.

फाईलीत प्रत्येक नावापुढे शेवटी एक शब्द असतो.
तो नसला, तर प्रोग्रॅम पत्र घरी आणतो
आणि तिकडचं पुसून टाकतो.
असला, तर तिकडेही राहतं.
इंग्रजी आहे, कीप.
म्हणजे ठेव.
आमच्यात अमानत म्हणतात.
आठही नावांपुढे लिहिलाय.

नववं खातं माझं.
समुद्रावर माझं कुणी नाही.
पहिल्या रात्री, हे सगळं चालतं का बघायला,
मीच मला पाठवलं होतं: चाचणी.
मी इथे. तू?
ते दोन खंड फिरून चार मिनिटांत परत आलं,
वाटेतल्या साऱ्या सर्व्हरांचे शिक्के अंगावर घेऊन.
पुसलं नाही.
अजून रोज तो सगळ्यांत शेवटी माझ्या दारात जातो,
बघतो, आणि येऊन लिहितो:
एक पत्र. पाहिलेलं.

मग मी लाईन सोडते.
कुणाचा फोन यायचा असेल.