नावं ठेवणे

"खेद है, आपका चयन नहीं हो सका."
तीन दिवस मोबाइल उघडून ही ओळ वाचली,
जणू मधेच कुठेतरी बारीक अक्षरात
कारणही लिहिलेलं असेल.

वरच्या मजल्यावरचा निनाद म्हणाला,
काकू, विचारा की त्यांना. हल्ली विचारतात.
फीडबॅक म्हणतात.
विचारायला मी घाबरत नाही.
मीटरवाल्याला विचारते, बँकेत विचारते.
पण माझ्यात काय वाईट आहे ते सांगा, असं
सेहेचाळीस वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं.
न विचारता सांगणारे पुष्कळ होते.

पहिला मजकूर रजेच्या अर्जासारखा झाला.
दुसरा गॅस एजन्सीशी भांडल्यासारखा.
तिसरा एका ओळीचा:
मी कुठे कमी पडले, कळवाल का?
खाली पूर्ण नाव, विनया मुकुंद रेशीमवाले.
पाठवला
आणि मोबाइल तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला.

सांवेर रोडवरच्या नमकीनच्या कारखान्यात
चव तपासणाऱ्याची जागा होती.
पंखा बंद केलेली खोली, पाच वाट्या शेव,
बुडाला नंबर,
मधे मधे चूळ भरायला कोमट पाणी.
कागदावर लिहायचं, काय चुकलंय.
मी लिहिलं:
एक, छान.
दोन, लवंग जरा पुढे, पण छान.
तीन, हीसुद्धा चांगली.
चार आणि पाचलाही मी नाराज केलं नाही.

बाराव्या दिवशी फोन आला
तेव्हा मी चक्कीवर होते.
पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना,
रस्त्यावर आले, एक कान दाबून धरला.
पोरवाल मॅडम.
तीन नंबरची शेव, त्या म्हणाल्या,
खवट तेलातली होती. मुद्दाम ठेवलेली.
तुम्हाला कळलंच नाही?

कळलं होतं.
पहिल्याच तुकड्याला, जिभेच्या मुळाशी.
पण कोणीतरी कढईपाशी उभं राहून तळली असेल ना,
आणि आमच्याकडे पानातल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत.
दादा एकदा मीठ नसलेली आमटी
भुरके मारत जेवले.
पंक्तीला चार पाहुणे, तेही तसेच.
आईला कळलं, ती शेवटी बसली तेव्हा.
ही गोष्ट आमच्याकडे
दादांचा मोठेपणा म्हणून सांगतात.
आई मग दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती,
ते सांगत नाहीत.

एवढं सगळं फोनवर कसं सांगणार.
कळलं होतं, इतकंच म्हणाले.
पलीकडे जरा वेळ नुसता श्वास.
"आणखी काही?"
"नहीं नहीं, बाकी सब अच्छा था."
"मॅडम, ही तुमची तीन नंबरची वाटी झाली."

त्या हसल्या.
मग एकेक सांगू लागल्या, जपून,
पायातला काटा काढताना बोलतात तशा.
अक्षर फार बारीक आहे.
पगार किती हवा विचारल्यावर
'तुम्ही द्याल तो' म्हणालात,
त्याने आमचे साहेब बिचकतात.
आणि जाताना पाचही वाट्या विसळून
पालथ्या घालून गेलात.
त्यातली उरलेली शेव
आम्हाला लॅबमध्ये पाठवायची होती.

तोंड कडू झालं नाही असं नाही.
पुन्हा जागा निघेल का, मी विचारलं.
सांगता येत नाही, म्हणाल्या.
हे मला आवडलं.

आत आले. डबा भरून तयार होता,
पत्रा अजून गरम.
चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.
जाडं.
आजचंच नाही.
"भैया, तुम्ही पीठ जाडं दळता."

पापण्यांवर पांढरं बसलेला तो,
त्याने बटण बंद केलं,
पट्टा पूर्ण थांबेपर्यंत थांबला,
आणि म्हणाला,
"कब से, भाभी?"