भिंत

कुत्र्यांना आमचा वास पाठ होता,
मेंढीच्या कातड्याचा, ओला,
सबंध पावसाळ्यात एकदाही न वाळलेला.
खांद्याला झोळी, हातात काठी, वय बारा,
आणि दारोदार एकच हाक :
मरियेच्या नावानं, माई.
कुणी इंजेराचा कालचा आंबूस तुकडा घाली,
कुणी कुत्रं सोडी.

रात्री सात जणांचे तुकडे एका टोपलीत,
असा आमच्या झोपडीचा नेम.
मी एक तुकडा कातड्याच्या आत राखायचो.
काखेत ऊब धरून राहायचा तो,
आणि त्याच्यासकट मी
पहाटेच्या प्रार्थनेला उभा.

मरीगेता एन्बाकोम डोळे मिटून शिकवत.
गीझ भाषेतलं स्तोत्र, जी भाषा
घरी कुणाचीच आई बोलत नाही.
माझं पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
एकोणिसाव्या ओळीशी जीभ बसकण मारायची,
बाकीची पोरं पुढं निघून जायची
आणि मी तिथंच,
एका अक्षराला ओठ लावून.

मग त्यांनी मला दगडांवर धाडलं.

आमचं देऊळ गोल. त्याभोवती रान :
जुनिपर, रानऑलिव्ह, वरती माकडांची शेपटं.
तासाभरात फेरी पुरी होईल एवढंच.
त्यापलीकडे आभाळाला टेकेपर्यंत
नांगरलेली, उघडी, पिवळी जमीन.
गुरं आत शिरत, कोंब फुटला की खुडून नेत.
म्हणून भिंत. दगड शेतांतलेच.
शेतकरी खूश, फाळाखालची पीडा गेली म्हणून.
तिम्कतच्या सणाआधी मी शेवटचा दगड बसवला,
त्यावर थाप मारली, म्हटलं, झालं.
आता देवाला माझं नाव कळेल.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर
मरीगेता काठी टेकत आले, भिंत ओलांडली,
उघड्या जमिनीत बारा पावलं मोजली
आणि काठी रोवली. "इथं."

"भिंत पडलीय का?"
"नाही."
"चुकली होती?"
"नाही."
"मग?"
त्यांनी एक दगड पोटाशी धरला,
बारा पावलं चालले, ठेवला,
दुसऱ्यासाठी परत आले.
साठी उलटलेला माणूस.

चार दिवस मी दगडांशीच भांडलो.
पाचव्या दिवशी, खालचा थर काढताना
आतल्या बाजूला एक रोप दिसलं,
रानऑलिव्हचं, करंगळीएवढं.
वाढत वाढत भिंतीला भिडलं होतं
आणि काटकोनात मागं वळलं होतं.
भिंत माझी. मीच घट्ट रचलेली.
दगड निघाले तरी ते तसंच, वाकलेलं.
"सरळ व्हायला किती दिवस?"
"ते त्याचं ते बघेल. तू उचल."

त्या रात्री काखेतला तुकडा मी टोपलीत टाकला.
कुणी विचारलं नाही.
धाकट्या देजेनेच्या वाट्याला तो आला,
चावत चावतच तो पेंगला.
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एक लपवला.
तिसऱ्या दिवशी नाही.
चौथ्या दिवसाचं आठवत नाही.

तीस वर्षं झाली. भिंत अकरा वेळा सरकली.
दोनदा शेळ्यांनी आतलं सगळं फस्त केलं.
एकदा रातोरात कुणी दगड नेले घर बांधायला.
जाऊन पाहिलं, तर घरात तान्हं मूल.
तसेच माघारी आलो.
एकोणिसाव्या ओळीशी मी अजून चाचरतो,
आता निदान हसू येतं.

मरीगेता रानात निजलेत,
मी आलो तेव्हा जिथं नांगर चालायचा, तिथं.
पानं पडतात वरून. उचलत नाही कुणी.

आणि ते रोप आता झाड आहे.
कोपर अजून तसंच वाकडं, कमरेच्या उंचीवर,
त्याच्या वर मात्र झाड आपलं आपण उभं.
नवी पोरं पाठाला बसताना
त्या कोपरावर आपल्या झोळ्या अडकवतात.

आज त्यांतल्या एका कातड्याला
इंजेराचा वास होता,
उबदार, आंबूस.
पोरगं माझ्याकडे बघत नव्हतं.

मी एकोणिसावी ओळ सुरू केली.