ओटीपोट

शिंप्याची टेप मी कपाटात जुन्या पासबुकांमागे ठेवते.
दर रविवारी दार लावून
बेंबीच्या चार बोटं खाली गुंडाळते
आणि श्वास आत ओढत नाही. ओढला तर लबाडी,
आणि मी कॅशियर आहे, तेवीस वर्षं
एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.
अडतीस इंच. मागच्या रविवारीही अडतीस.

नीतू सिकरवार म्हणते, दीदी, धीरज रखिए.
तिचं वय माझ्या नोकरीएवढं.
तिच्या सांगण्यावरून मी फरशीवर उताणी पडते,
दोन्ही पाय जोडून वर, मग सावकाश खाली,
टाचा टेकू द्यायच्या नाहीत.
नोटा मोजते तसे आकडे मोजते. बाराव्या खेपेला
आत काहीतरी थडथडतं, उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखं.
भात बंद. साखर बंद. सातनंतर गॅस बंद.
दौलतगंजच्या कोपऱ्यावर कढईत बेडई फुगत असते,
मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते,
उधारी थकलेल्या माणसासारखी.

चरबीला सांगून काही होत नाही.
जिथून जा म्हणावं तिथून ती जात नाही.
आधी गाल गेले. लोक विचारू लागले, बरं नाही का?
मग बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या,
ब्लाउजच्या बाह्या सैलावल्या, अंगठी
मोहरीच्या भाजीत सापडली.
पोट मात्र बसून.
जेवण झालं, पान झालं, चपला समोर आणून ठेवल्या
तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

पहाटे उरवाईचा चढ चढते.
जानेवारीत इथं बोललं की वाफ निघते;
कानाला मफलर, पायात लेकीचे जुने बूट.
कड्यात कोरलेले तीर्थंकर त्या गारठ्यात उघडे उभे.
काहींचे चेहरे कुणी कधीकाळी फोडलेले,
पोटं मात्र शाबूत. बेंबीखाली सरळ उतार,
ना नाडीचा वळ, ना घडी.
मी दम खात त्यांच्या पायाशी थांबते,
डोकं त्यांच्या गुडघ्यालाही पुरत नाही.
यांना कुणी वाढलंच नसेल, असं नाही.
यांनी नको म्हटलं
आणि आग्रह करणाऱ्यांनी ते ऐकलं.

माझं कोण ऐकतं?
संक्रांतीला नलूवहिनींकडे हळदीकुंकू.
पदर पुढे केला. तांदूळ, नारळ, खण, वर मुरैन्याची गजक,
आणखी एक मूठ घे गं, अर्ध्यावर थांबू नये.
लग्नात भरली, डोहाळजेवणात भरली,
माहेराहून निघताना दर वेळी भरली,
मी मान खाली घालून धरत गेले.
किती मुठी, कुणी लिहून ठेवलं नाही.
भाषेनंही वेगळा शब्द शोधायचे कष्ट घेतले नाहीत,
ओटी म्हणाली आणि तिलाच पोट जोडून दिलं.
आणि आता म्हणतात, उतरव.
हा हिशोब लागत नाही. कॅशियर म्हणून सांगते.

आज अंघोळीनंतर
घडी उचलून पावडर लावायला सवयीनं हात नेला
तर उचलण्याइतकं हाताला आलंच नाही.
आणि तिथं ती दिसली, आडवी.
टाके काढले त्या दिवशी पाहिलेली,
मग एकोणीस वर्षं खाली दडलेली.
पांढरट, डावीकडे जरा वाकडी,
डॉक्टरीणबाईंना घाई असावी.
लेक आली ते दार,
आणि मी एवढी वर्षं त्याला गाद्या लावून ठेवलेल्या.

टेप काढली नाही.
परकराची गाठ बोटभर वर घेतली
आणि फोन लावला. हॉस्टेलवरून ती झोपेतच म्हणाली,
आई? इतक्या सकाळी? काय झालं?
काही नाही, म्हटलं. भात लावतेय.
मूठभरच. ओटीतल्या तांदळाचा.