क्ष ते ज्ञ

ग्रंथालयात संगणक आला
तेव्हा कार्डांचं कपाट भंगारात जायचं होतं.
शालिकभाऊ उईके म्हणाले, सागवान आहे मॅडम, राहू द्या.
म्हणून ते राहिलं, कूलरच्या बाजूला,
छत्तीस खणांचं, पितळी कड्यांचं.
शेवटचा खण, क्ष ते ज्ञ,
आधीपासूनच जवळजवळ मोकळा.
त्यावर मी चिठ्ठी चिकटवली:
काही विचारायचं असेल तर इथे टाका. नाव नको.

पहिल्या आठवड्यात शेंगदाण्याची टरफलं,
एक बंद पडलेलं पेन,
आणि 'वायफायचा पासवर्ड काय?'

मग जुन्या कार्डांच्या पाठीवर
हळूहळू अक्षरं उमटायला लागली.

'मले अर्धं लेक्चर समजतच नाई, इंग्रजी आहे.
बाकीचे मान हालवतेत. मंग मी बी हालवतो.'
मी लिहिलं: बाकीचे तुझ्याकडे बघून हलवतात.
शब्दकोश दुसऱ्या रांगेत, सगळ्यात खाली.
पुठ्ठा निखळलाय त्याचा,
म्हणजे तुझ्याआधी बरेच येऊन गेलेत.

'दोन वर्षांपूर्वी एक पुस्तक चोरलं. परत कसं करू?'
मागच्या बोळाकडची खिडकी लागत नाही, मी लिहिलं.
सोमवारी पुस्तक खिडकीत होतं,
वर्तमानपत्राचं कव्हर, फाटकी पानं टेपनं सांधलेली.
आमच्याकडे राहिलं असतं
तर इतकं धड राहिलं नसतं.

'बाबा बुटीबोरीला रात्रपाळी करतात. मी इतिहास घेतला.
ते विचारतात, याचं पुढं काय होते?'
चार दिवस मला उत्तर सुचलं नाही.
संदर्भग्रंथांत असं काही नसतं.
शेवटी लिहिलं: मलाही माहीत नाही.
पण त्यांना विचार, कंपनीचा पत्रा उभा राहिला
त्याआधी त्या जागेवर काय होतं, कोण राहायचं.
आठवड्यानं तीन कार्डं आली, दोन्ही बाजूंनी भरलेली.
खाली बारीक अक्षरात: त्यांची बस चुकली त्या रात्री.

आणि मे महिन्यात हे.
पेन इतकं दाबलेलं की मागच्या बाजूला
टाइप केलेलं कुणाचं तरी नाव फाटलं होतं.
'नापास झालो. घरी माहीत नाही.
रोज डबा घेऊन निघतो. फुटाळ्यावर बसतो ऊन उतरेपर्यंत.'

बाहेर शेहेचाळीस डिग्री.
मी कार्ड हातात धरून उभी.
शालिकभाऊंनी वाचलं नाही, पण पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

त्या दिवशी उत्तरात गंमत केली नाही.
लिहिलं: वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा असतो.
तिसऱ्या खिडकीपाशी खुर्ची आहे, कूलरचा वारा थेट येतो.
पुस्तक उघडायची सक्ती नाही. डबा इथेच खा.
बोलावंसं वाटलं तर मी साडेपाचपर्यंत आहे,
नंतर शालिकभाऊ.
बोर्डावर ते कार्ड टाचलं,
आणि शेजारच्या नियमावलीतला सातवा नियम,
'खाद्यपदार्थ आणू नयेत', पेननं खोडला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खिडकीपाशी चार डबे.
आणखी तीन खुर्च्या कुणी ओढून आणल्या कळलं नाही.
त्यात एक आमची दरवर्षी पहिली येणारी.
एक, ज्याच्या हसण्यावर मी रोज 'शांतता' म्हणते तो.
चौघं एकमेकांशी बोलत नव्हते.
एकानं लोणचं मधे सरकवलं, इतकंच.
यातला फुटाळ्याचा कोणता,
मी शोधायला गेले नाही.
शालिकभाऊ कूलरमध्ये दोनदा पाणी भरायला लागले.

जूनमध्ये खणात एक कार्ड:
'सांगितलं घरी. आई रडली, मग जेवायला वाढलं.
तिसऱ्या खिडकीची बिजागरी करकरते, तेल टाका.'

तेल टाकलं.
उरलेल्या तीन डब्यांचं
अजून काही कळलेलं नाही.
खुर्च्या तशाच ठेवल्या आहेत.