श्वास धरा, हलू नका

थिमीच्या इस्पितळात, तळघरात माझी खोली.
दारावर लाल दिवा. तो लागला की
आत एकच माणूस,
आणि शिशाच्या काचेपलीकडे मी.

फागुनात एक जोगी आणला, पशुपतीकडून.
उजवा हात बारा वर्षं वर,
नखं वळून तळव्यात रुतलेली.
खोकला होता, छातीची फिल्म हवी होती.
मी सवयीनं म्हणालो, हात खाली घ्या.
तो हसला, खोकत खोकत.
"माझा असता तर घेतला असता.
हा देऊन टाकलाय."
कुणाला, ते सांगितलं नाही.

आनी योन्तेन फर्पिङच्या डोंगरावरून आली, खुबा धरून.
मांडी घातलेलीच उंच उडायचं
आणि तसंच जमिनीवर आदळायचं,
दारं लावून शिकवतात म्हणे.
तिनं नाही सांगितलं. सोबतच्या धाकटीनं सांगितलं
आणि जीभ चावली.
योन्तेननं फिल्म पाहिली, उलटी धरून.
"हाडं राहू देत. नाडीत वारा अडलाय,
तो कुठे दिसतो यात?"
मी पुन्हा उजेडावर धरली.
खरंच शोधला.

मारेके हॉलंडची. बैठकीच्या हाडाची कपची निघालेली.
फोनमध्ये फोटो : फेवा तळं, सकाळ,
कपाळ नडगीला टेकलेलं.
"त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं शरीर आवडलं."
मला हसू येणार होतं.
आलं नाही.

तिघांनाही मी तेच म्हणालो,
दिवसातून साठदा म्हणतो ते :
श्वास घ्या. धरा. हलू नका.
आणि तिघंही असे थांबले
की बटण दाबल्यावर
"सोडा" म्हणायला मला उशीर झाला.
बाकीचे लोक थरथरतात.

माझ्या बाचे गुडघे मीच काढले, फुकटात.
पन्नास वर्षं चाकापाशी उकिडवा.
त्या बसण्याला कुठल्या पोथीत नाव नाही,
मी विचारलंय, जोग्याला सुद्धा.
बानं फिल्मवर टिचकी मारली,
मडक्यावर मारतो तशी, कान लावून.
"कच्चं राहिलं," म्हणाला.
"आच कमी पडली."

आता चाक धाकट्याकडे आहे.
बा अंगणात उन्हाला बसतो,
खुर्ची दिली तरी खुर्चीशेजारी,
उकिडवा,
हात किंचित पुढे, मधे रिकामी जागा
घागरीएवढी.